एसीखालची खुर्ची

वेखंडेबाईंना थंडी वाजताना मी एकदाच पाहिलं. त्याआधीची सगळी वर्षं आठवली की त्या मला घाम पुसतानाच दिसतात. रुमाल बांगड्यांखाली मनगटात खोवलेला, चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या आणि दोन्ही तळपाय गार फरशीवर दाबून टेकवलेले. त्या गेल्याचं माझ्याबरोबर काम करणाऱ्या निर्मलाने मला फोनवर सांगितलं, तेव्हाही डोळ्यांपुढे आले ते हे तळपायच.

शहापूरच्या बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर आमच्या पतसंस्थेचं कार्यालय आहे. वर पत्रे आहेत, त्यांच्याखाली प्लायवूडचं छत ठोकलेलं आहे, आणि मागच्या खिडकीतून माहुलीचे सुळके दिसतात. मी तिथे लागले तेव्हा बाई जुन्या झाल्या होत्या. त्या मुरबाड तालुक्यातल्या, सरळगावच्या अलीकडच्या एका गावच्या. रोज सकाळी एसटीने किन्हवलीमार्गे यायच्या आणि संध्याकाळी तशाच परत जायच्या. नवरा लवकर वारला होता. मूल नव्हतं. दिराच्या घरात, पडवीला लागून असलेल्या एका खोलीत राहायच्या. एसटीत खिडकीजवळ बसून काच उघडी टाकायच्या, डिसेंबरातसुद्धा. मागचे लोक कुरकुरले तर म्हणायच्या, "अंगच तसलं हाय माझं. लहानपणापास्नं." इतकं बोलून पुन्हा बाहेर बघायला लागायच्या.

मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसायचे म्हणून त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात मास्तरणी हे नाव दिलं. त्यांचं स्वतःचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत झालेलं. पण लिहिलेल्या गोष्टीचा त्यांच्याइतका धाक बाळगणारं माणूस मी पाहिलं नाही. डोळखांबकडच्या पाड्यांवरून एखादी बाई वारसाचा अर्ज भरायला आली आणि सोबतच्या माणसाने तिचा अंगठा धरून शाईच्या डबीकडे नेला, की बाई हात आडवा घालायच्या.

"थांब रे. काय लिवलंय त्यात, सांग तिला."

"सांगितलंय घरी."

"मग तिलाच सांगू दे. बोल गो, काय लिवलंय?"

ती बाई लाजून हसायची, सोबतचा माणूस चिडायचा, रांग थांबायची. बाई मात्र अर्जातली ओळन् ओळ वाचून दाखवायच्या आणि तिच्या तोंडून वदवून घ्यायच्या. मगच डबी पुढे सरकवायच्या. "सही म्हंजे तोंडानं बोलल्यागत," असं त्यांचं म्हणणं होतं. "जे तू तोंडानं बोलशील ना, त्याच्यावरच अंगठा लाव."

एसी आला तो संगणकांबरोबर. त्याच सुमारास संचालक मंडळाने ठरवलं की आपली संस्था शहरातल्या खासगी बँकेसारखी दिसली पाहिजे. पुरुषांना पूर्ण बाह्यांचा खोचलेला शर्ट, टाय, बूट आणि मोजे. बायकांना जांभळट रंगाची सिंथेटिक साडी आणि त्याच कापडाचा ब्लाउज. शेवटी एक ओळ होती: काउंटरवर शाल, स्वेटर, स्कार्फ वापरू नये. नवे व्यवस्थापक जोगळेकर साहेब पुण्याहून आले होते. ते सौम्य होते, पण छापील ओळीला घट्ट धरून चालणारे.

त्या एका ओळीने आमच्या कार्यालयाच्या दोन पार्ट्या केल्या.

वसुलीचं काम भोईरांकडे होतं. ते मोटारसायकलवर दिवसभर पाडे पालथे घालायचे. दुपारी जिना चढून आले की शर्ट पाठीला चिकटलेला असायचा, आणि आल्या आल्या साहेबांच्या भीतीने खिशातला टाय काढून गळ्यात अडकवायचे. तो आधीच गाठ मारलेला, मागे इलॅस्टिक असलेला टाय होता. मग रिमोट हातात घेऊन ते आकडा खाली आणायचे. अठरा. एसीचा झोत सरळ रोखपालाच्या खुर्चीवर पडायचा, आणि रोखपाल होती निर्मला.

"भोईर, वाढवा तो आकडा."

"का? तुमी काय हिमालयात बसल्या?"

"या की इथं. बसा तासभर, साडी नेसून."

"मला कशाला साडी?"

"मग बोलू नका. तुमच्या अंगावर सदरा, आत बनियन, गळ्यात तो पट्टा, पायात मोजे. आमची पाठ उघडी, पोट उघडं. आणि गरम कोणाला होतं, तर तुमाला."

"मी उन्हातनं येतो, बाय. तू पंख्याखाली बसून पैसे मोजतेस."

दोघंही खरं बोलत होते. हे रोज चालायचं. निर्मला, टंकलेखन करणारी रंजना आणि मी टेबलाखाली शाल मांडीवर घेऊन बसायचो, आणि साहेब केबिनबाहेर आले की ती गुडघ्यांमध्ये दाबायचो. मान, खांदे, पाठ मात्र गारठून जायची. संध्याकाळी बोटं वळायची नाहीत. बाई माझ्या शेजारी बसायच्या. त्यांच्या मांडीवर शाल कधीच नसायची.

शेवटी आम्ही अर्ज करायचं ठरवलं. मी लिहायला बसले. निर्मला डोक्याशी उभी.

"थंडी लिवू नको. थंडी म्हटलं की हसतील. हीव भरतं, असं लिव. जरा भारी वाटेल."

म्हणून मी लिहिलं, की दुपारनंतर महिला कर्मचाऱ्यांना हीव भरते, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. खाली नुसतं 'महिला कर्मचारी' असं घातलं आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी योग्य ती कार्यवाही केली. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातून हिवतापवाले दोघंजण काचपट्ट्या आणि सुया घेऊन हजर झाले. दुपारनंतर हीव भरतं म्हटल्यावर साहेबांना मलेरियाखेरीज काही सुचलं नव्हतं.

"ताप कधीपासनं?" त्यातल्या एकाने निर्मलाचं बोट धरत विचारलं.

"ताप नाय ओ. एसी."

"तसं नाय सांगता येत. रक्त बघाय लागतं."

त्यांनी सगळ्यांची बोटं टोचली. भोईरांचंही टोचलं. भोईर ओरडले, "अरे, मला हीव नाय भरत, मला घाम येतो." तो म्हणाला, "हीव गेल्यावर घामच येतो." मग दुसऱ्याने कार्यालय तपासलं. एसीचं पाणी साचायला ठेवलेली बादली गच्चीवर नेऊन उपडी केली, आणि तिच्यात खरोखरच अळ्या निघाल्या. बाई इतक्या हसल्या की मनगटातला रुमाल काढून त्यांना डोळे टिपावे लागले. त्या दिवशी मागच्या खोलीत सतरंजीवर बसून आम्ही चौघी जेवलो. बाईंनी नाचणीची भाकरी आणि सुकट आणली होती. निर्मला बोट दाखवत प्रत्येक घासाला नक्कल करत होती. बाईंना सगळ्यांबरोबर असं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

साहेबांना आपली चूक कळली, आणि खजील होऊन त्यांनी एक मधला मार्ग काढला. "सगळ्या महिलांनी नावानिशी सह्या करून द्या," ते म्हणाले. "चारही सह्या असल्या की मी रिमोट माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि आकडा सव्वीसवर. मग भोईर काही म्हणू शकणार नाहीत."

मी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी सरळ लिहिलं: आम्हां सर्व महिला कर्मचाऱ्यांना वातानुकूलन यंत्रामुळे थंडी वाजते. निर्मलाने सही केली. रंजनाने केली. मी केली. निर्मलाने कागद बाईंपुढे ठेवला.

बाईंनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग दोन बोटांनी हलकेच परत सरकवला.

"मला नाय वाजत थंडी."

"तुमाला नसंल वाजत. आमाला वाजते ना?"

"मग तुमी तिघी लिवा. आमां तिघींना, असं."

"साहेबाला चार पायजेत. नुसती सही तर करायची हाय, बाई. कोण थर्मामीटर लावून बघतंय?"

"जे लागत नाय ते कसं लिवू गो?"

बाई वयाने सगळ्यांत मोठ्या, त्यांनी खरं तर आमच्या वतीने साहेबांपुढे उभं राहायचं, असं आम्ही गृहीत धरलं होतं. "बाईमाणूस असून," निर्मला म्हणाली, आणि वाक्य पुरं न करता कागद उचलून गेली. तीन सह्यांचा अर्ज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडला. रिमोट बाहेरच राहिला.

भोईर खूश झाले. "बाई आमच्या पार्टीतल्या," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. बाई एकदा त्यांना म्हणाल्या, "मी कोणाच्या पार्टीत नाय. तुमचा तो गळ्यातला पट्टा सोडा, ह्या पोरींना शाल घेऊ दे, मशीन आपोआप गप बसंल." तेच त्यांनी साहेबांनाही केबिनमध्ये जाऊन सांगितलं. साहेबांनी नियमाचा कागद दाखवला. बाईंनी तो पूर्ण वाचला आणि परत दिला.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मागच्या गच्चीवर हात धुवायला नळ आहे. मी गेले तर बाई त्या नळाखाली मनगटं धरून उभ्या होत्या. मान लालभडक झालेली, कपाळावरून घाम ओघळतोय, ब्लाउजची पाठ काळपट ओली. ऐन थंडीचे दिवस होते. मला वाटलं चक्कर आली.

"काय होतंय बाई? साहेबांना सांगू?"

"कोणाला नको सांगू. उभी राहा जरा. जाईल."

मी उभी राहिले. हळूहळू मानेचा रंग उतरला.

"आतनं चूल पेटल्यागत होतं," त्या नळ बंद करत म्हणाल्या. "पोटातनं वर येते वाफ. मग घाम. मग काय नाय."

"पण तुमचं अंगच उष्ण आहे ना, लहानपणापासून?"

"ते येगळं. हे आता सुरू झालंय. पाळी गेली माझी."

मी तेव्हा तिशीच्या आत होते. "अहो, मग निर्मलाला सांगा की," मी म्हटलं. "तिला कळेल. ती राग सोडून देईल."

बाईंनी रुमाल पिळला आणि पुन्हा मनगटात खोवला. माहुलीकडे बघत त्या बोलल्या, आणि आवाज इतका साधा होता की मला अर्थ लागायला वेळ लागला.

"लग्न झाल्यापासनं दर महिन्याला वाट बघितली, थांबावी म्हणून. एक महिना चुकली की सासू गोडाचं करायची. थांबली ती अशी. आता हे मी त्या अर्जात लिवू का सतरंजीवर बसून सांगू?"

आत जाताना त्या म्हणाल्या, "तू वाचतेस म्हणून तुला सांगितलं. वाचणारी माणसं गप बसतात."

सोमवारी आम्ही आलो तेव्हा निर्मलाचं रोखीचं टेबल भिंतीकडे सरकलेलं होतं आणि एसीच्या झोताखाली बाईंचं टेबल होतं. लवकरची एसटी धरून येऊन त्यांनी शिपायाच्या मदतीने ते हलवलं होतं. कोणाला काही सांगितलं नाही. निर्मलाच्या मानेवर आता वारा येत नव्हता. ती बसली, शाल मांडीवर घेतली, थोड्या वेळाने बाजूला ठेवली. मला हळूच म्हणाली, "तिला हवाच होता वारा." तेही खरं होतं.

पण दुपारी मागच्या खोलीत निर्मलाने सतरंजी दुमडून अर्धी घातली. तिघी पुरतील एवढी. बाईंना कोणी येऊ नका म्हटलं नाही. त्या डबा घेऊन दारापर्यंत आल्या, सतरंजीकडे पाहिलं आणि "पासबुकं राहिल्यात" असं म्हणून परत फिरल्या. त्यानंतर त्या एसीखालच्या खुर्चीतच जेवायच्या. डब्याचं झाकण वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पंचिंग मशीन ठेवलेलं असायचं.

अशी काही वर्षं गेली. भांडण असं कधी झालं नाही. निर्मला बाईंशी कामाचं बोलायची, सणाला फराळ द्यायची. सतरंजी मात्र अर्धीच राहिली. रंजना बदलून गेली आणि दोघींना ती अर्धीही मोठी व्हायला लागली, तरी तिची घडी मोडली नाही. नळाकाठचं बोलणं मी कोणाला सांगितलं नाही, कारण ते सांगायचं असतं तर बाईंनीच सांगितलं असतं. कधी मी पुस्तक घेऊन त्यांच्या टेबलापाशी जायचे, पण त्या झोतात मला पाच मिनिटं बसवायचं नाही. खांदे आखडायला लागले की त्याच म्हणायच्या, "जा गो मास्तरणी, तुझ्या जागेवर जा. गारठशील."

गणवेशाच्या कापडाने त्यांना फार त्रास व्हायचा. सिंथेटिक ब्लाउज अंगाला चिकटायचा. बाजारातल्या शिंप्याकडून त्यांनी त्याच रंगाचा सुती ब्लाउज शिवून घेतला. पहिल्या धुण्यातच तो गुलाबी झाला. साहेबांनी पाहिलं. "वेखंडेबाई, हा गणवेशातला नाही."

"कापड त्याच रंगाचं घेतलेलं, साहेब. रंग गेला, त्याला मी काय करू? ब्लाउजवर शाल घेऊन झाकते पायजे तर."

साहेब शालीच्या नियमाला अडले आणि आत गेले. भोईर हसले, मी हसले. निर्मलाही हसली असावी, पण तिने मान खाली घातली होती.

शाळेत नाव घालताना मास्तरांनी बाईंची जन्मतारीख एक जून लिहिली होती, आमच्याकडच्या कितीतरी लोकांची असते तशी. त्यामुळे त्या मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाल्या. निरोप समारंभाच्या दुपारी वीज गेली. एसी बंद, पंखे बंद, वर तापलेले पत्रे. आणि समारंभ म्हटला की जे करायचं ते केलं गेलं: साहेबांनी बाईंच्या हातात नारळ दिला आणि निर्मलाने घडी मोडून त्यांच्या खांद्यांवर शाल घातली. चांगली जाड, लोकरीची, काठाला वेलबुट्टी असलेली. आम्हीच वर्गणी काढून आणली होती, आणि आणताना कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शाल पांघरून बाई उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. भोईरांनी टाय ओढून काढला. साहेबांनी कॉलर सैल केली. निर्मला खातेपुस्तकाने वारा घेत होती.

"मला बोलायला येत नाय," बाई म्हणाल्या. "पण आज बरं वाटतंय. आज सगळ्यांना सारखंच लागतंय."

सगळे हसले. निर्मला शाल काढून घ्यायला पुढे झाली, तर बाईंनी ती धरून ठेवली. "असू दे. घातलीस ना तू." पेढे वाटून होईपर्यंत त्यांनी ती अंगावरून काढली नाही. कपाळावरचा घाम शालीच्या काठावर पडत होता.

त्यानंतर वर्षातून एखाददा त्यांच्या गावचं कोणी पासबुक भरायला आलं की निरोप यायचा, मास्तरणीला विचारलंय म्हणून सांगा. गेल्या उन्हाळ्यात आलेल्या माणसाने सांगितलं की बाई अंथरुणाला आहेत. मी रजा टाकून गेले. सरळगावच्या अलीकडे एसटीतून उतरले तेव्हा डांबर पायाखाली मऊ लागत होतं.

पडवीतल्या खोलीत खाटेवर बाई होत्या. इतक्या लहान झाल्या होत्या की प्रथम मला नुसती शालच दिसली. तीच वेलबुट्टीची. हनुवटीपर्यंत ओढलेली. त्यांची जाऊ पायाशी बसली होती. "काय खात नाय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणले, रक्तच उरलं नाय अंगात. मे महिना हाय, आमी अंगणात झोपतो, आन् ही पंखा लावू देत नाय."

बाईंनी डोळे उघडले. "आलीस का गो." मग, जणू एखादी नवलाची बातमी सांगावी तशा म्हणाल्या, "मला हीव लागतंय."

मी त्यांचे हात हातात घेतले. ते गार होते. खोलीत वारा नव्हता. एकच खिडकी, दोन झडपांची, उघडी होती, आणि तिच्यातूनही ऊनच येत होतं. आम्ही इकडचं तिकडचं बोलत राहिलो. निर्मला आता शाखेची प्रमुख झाली, भोईरांनी वसुली सोडली, शालीचा नियम कोणी पाळत नाही. बाई ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं. तेवढ्यात ते माझ्या पोटातून वर आलं. गेले काही महिने येत होतं. मान पेटली, कानांच्या पाळ्या गरम झाल्या आणि घाम डोळ्यांत उतरला. मी त्यांचे हात सोडून रुमाल शोधू लागले.

बाई माझ्याकडे बघत होत्या.

"सुरू झालं का गो तुझं?"

मी मान हलवली.

"कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"निर्मलाला सांग." मग म्हणाल्या, "मी नाय सांगितलं. तू सांग."

जाऊ खिडकी लावायला उठली. हिला गार लागतंय, ऊन पण कललंय, असं काहीतरी ती पुटपुटत होती. बाईंनी शालीतून हात बाहेर काढला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ती हाय तवर उघडी राहू दे. तिला वारा लागू दे."

त्यांनी पाय जवळ घेतले आणि मला खिडकीच्या बाजूला सरकायला जागा केली. मी तिथे बसले. बाहेरून थोडा वारा आला, आणि बाईंनी शाल गळ्याशी आवळून धरली. एसटीची वेळ होईपर्यंत त्यांनी ती खिडकी लावू दिली नाही.

मी निघाले. अंगण ओलांडून रस्त्याला लागले, तेव्हा मागे एक झडप लागल्याचा आवाज आला, आणि मग दुसरी.